टिपणीसांची चुकलेली तारीख

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. टिपणीससाहेबांच्या पासपोर्टची स्वच्छ प्रत मी दिली होती. त्यांनी नको म्हटलेलं असताना.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात टिपणीस स्टोअर सांभाळायचे आणि मी ॲडमिन. ते मूळचे मिरजेचे, पण इथे सव्वीस वर्षं काढलेली. त्यांच्या एका सवयीची कंपनीभर चेष्टा चालायची. स्वतःच्या कुठल्याही कागदाची झेरॉक्स द्यायची झाली की ते तिच्यावर निळ्या पेनाने दोन तिरक्या रेघा मारत, मधे लिहीत 'फक्त गॅस जोडणीसाठी' किंवा 'फक्त बँकेसाठी', आणि खाली तारीख. मुलीच्या शाळेला दिलेल्या प्रतीवरही 'फक्त सहलीसाठी' होतं. साहेब, आता जेवणाच्या डब्यावरही लिहा, असं मी एकदा म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "हसून घे. गेट पास फाडून दिला आणि माल बाहेर गेला, की तो आपला राहत नाही, दिलीप. स्टोअरवाल्याला विचार."

पुढे हेड ऑफिसने कर्मचाऱ्यांची कागदपत्रं तपासायचं काम एका अमेरिकन कंपनीला दिलं. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या वेबसाइटवर चढवायचे होते. टिपणीसांची रेघा मारलेली प्रत ती वेबसाइट घेईना, 'अस्पष्ट' म्हणून परत टाकी. मी स्वच्छ प्रत मागितली. ते म्हणाले, मग देऊच नकोस, माझी खात्री हवी असेल तर मला येऊन बघून जा म्हणावं. यादीत तेवढं एकच नाव लाल राहिलं होतं. मॅनेजरचे दिवसातून चार फोन, यल्ला, चला, खलास करा. शुक्रवार होता, अर्धा दिवस, मला घरी जायचं होतं. व्हिसाच्या फायलीत त्यांची बिनरेघांची प्रत होती, कारण तिथे तशीच लागते. ती उचलली आणि चढवली. दोन मिनिटांचं काम.

वर्षभरात त्या अमेरिकन कंपनीतून सगळी माहिती चोरीला गेली. आम्हा बाकीच्यांना फालतू फोन आले, तेवढंच. टिपणीसांच्या पासपोर्टवर मात्र कुणीतरी दोन सिमकार्डं काढली आणि त्यावरून बँकेच्या नावाने लोकांना फसवलं. पोलिसांनी त्यांना बोलावलं. वागणूक सभ्य होती, पण चौकशी संपेपर्यंत पासपोर्ट जमा. सात महिने. त्यातच मिरजेला त्यांचे थोरले भाऊ वारले. त्यांनी अंत्यविधी स्टोअरमध्ये, दोन रॅकच्या मधे उभं राहून फोनवर पाहिला. मग बाहेर आले, खिडकीशी थांबलेल्या फिटरला गॅस्केट दिलं आणि रजिस्टरवर त्याची सही घेतली.

पुढे ते निर्दोष ठरले. त्याच सुमारास अमेरिकेत त्या कंपनीविरुद्धच्या सामुदायिक दाव्यात तडजोड झाली आणि माहिती चोरीला गेलेल्या प्रत्येकाला चौदा पानी नोटीस आली. आमच्यात ती पूर्ण वाचणारे एकटे टिपणीस, ओळीखाली फूटपट्टी धरून. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समजावलं. फॉर्म भरला तर थोडे पैसे, शंभरेक दिरहम, म्हणजे आपले अडीच हजारही नाहीत. तडजोडीत राहूनही न्यायालयाला हरकत कळवता येते. ठरलेल्या तारखेच्या आत पत्र टाकून बाहेर पडलं, तर स्वतःचा वेगळा दावा लावायचा हक्क राहतो. "आणि चौथा रस्ता गप्प बसायचा. तो सगळ्यात वाईट. पैसेही नाहीत, हक्कही गेला."

चौकशीसाठीचा फुकटचा नंबर इथून लागत नव्हता. वेबसाइटवर पिनकोड टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि या देशात पिनकोडच नाही, सगळा कारभार पोस्टाच्या पेट्यांवर. टिपणीसांनी शून्यं टाकून पाहिली, आधी चार, मग पाच. शेवटी कीबोर्ड बाजूला सारला. "मला त्यांचे पैसे नकोत रे. कुणीतरी माझं नाव घेऊन म्हणावं, हा माणूस तो नव्हे. या तडजोडीत ते चूकच कबूल करत नाहीत."

त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. पत्र हाताने लिहिलं, सही केली आणि टाकण्याआधी माझ्याकडे आले. "दिलीप, याला कंपनीची एनओसी लागेल का?"

इथे नसलेल्याला हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण गाडीच्या लायसनपासून बायकोच्या व्हिसापर्यंत सव्वीस वर्षं प्रत्येक गोष्टीला कंपनीची ना-हरकत लागलेल्या माणसाला तो पडणारच. एनओसी लागत नव्हती. नोटिशीत फक्त सही आणि तारीख मागितली होती, हे मी वाचलं होतं. परत टाकलेली रेघांचीच प्रत तिथे राहून गेली, असं ते धरून चालले होते. पण वेगळा दावा लागला, की पहिला प्रश्न निघणार, यांची प्रत दिली कोणी? मी म्हणालो, "लागेल. हेड ऑफिसला विचारतो. तोवर टाकू नका."

तीन आठवडे ते रोज येत. बसत नसत, टेबलाशी उभे राहून विचारत. मी म्हणे, इन्शाल्ला या आठवड्यात. मी कुणालाही विचारलं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने माझ्यावर ठेवला. तारीख गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आले, मी नकारार्थी मान हलवली. "जाऊ दे," ते म्हणाले, "तू प्रयत्न केलास."

ते निवृत्त होऊन मिरजेला गेले आणि गेल्या वर्षी हृदयविकाराने वारले. त्यांची मुलगी सायली शारजातच वाढली, आता दुबईला जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करते. दोन महिन्यांपूर्वी भेटली. त्या दाव्याबद्दल तिने वकिलाला विचारलंय. उशीर बाबांच्या चुकीने झाला नाही असं कुणी लिहून दिलं, तर आताही बाहेर पडू द्या, अशी वारस म्हणून न्यायालयाला विनंती करता येईल, परवानगी मिळेलच असं नाही. मग म्हणाली, "दिलीप अंकल, बाबा नेव्हर मिस्ड अ डेट. हाऊ डिड ही मिस दिस वन?"

मी म्हणालो, वय झालं होतं त्यांचं.

ते तिला पटलं, हे मला दिसलं.

खरं काय ते कागदावर लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल, तिच्याबरोबर व्हिसा, आणि धाकट्याचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. हे कारण मी रोज स्वतःला देतो. मी सायलीचं देणं लागतो ते एवढंच: तिच्यासमोर बसून खरं सांगणं, आणि माझ्या सहीचं एक पान, की प्रत मी दिली, एनओसी लागत नव्हती आणि तिच्या बाबांचं पत्र मी अडवलं. यातलं काहीही मी अजून दिलेलं नाही.