जपानी भूत कुंभारवाड्याला जातं

“तिथं वीज असेल-नसेल, लॅपटॉप कशाला घेतेस?” असं वैशाली म्हणाली होती. मी ऐकलं नाही. जपानी भयपटांचं मला वेड आहे आणि अख्खा शनिवार-रविवार भुताशिवाय काढायचा म्हणजे काय! वैशाली माझी ऑफिसातली मैत्रीण, बेळगावात सहाव्या मजल्यावर एकटी राहते. तिची आई जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत, तीही एकटीच. पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली, तेव्हापासून वैशालीच्या जिवाला घोर लागला होता. या खेपेला आईला घेऊनच यायचं, असं तिनं पक्कं केलं. गाडी माझी, म्हणून मीही.

खानापूर, लोंढा करत रामनगर. पेट्रोल, भाजी, जे काय हवं ते इथंच घ्या, पुढं भरवसा नाही. पुरीभाजी बरी आणि स्वस्त. जोयडा मागं पडलं की मोबाइल मुका होतो. बस मोजक्याच, त्यामुळं स्वतःची गाडी असली तर बरं. फक्त अंधाराच्या आत पोचा, गवे रस्त्यावर येतात. शेवटचा तुकडा कच्चा आहे. तिथं माझ्या गाडीनं जे आवाज काढले, ते कुठल्याच भयपटात मी ऐकलेले नाहीत.

वाडी म्हणजे काय, तर भाताच्या खाचरांच्या कडेनं, झाडांत विखुरलेली सात-आठ घरं. एका घरातून दुसरं दिसत नाही. वैशालीच्या आईनं नाचणीची भाकरी आणि कंदांची भाजी वाढली. मी किती खाल्लं ते विचारू नका. जेवतानाच वैशालीनं विषय काढला. आई हसून म्हणाली, भात उभं हाय, म्हस हाय, मी कुठं येऊ? वैशालीनं दवाखान्याचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं. आई भांडी गोळा करून उठली. वैशाली रडायच्या बेतात होती.

वातावरण हलकं करावं म्हणून दुपार कलल्यावर मी सिनेमा लावला. आता हे जपानी भयपट कसे असतात? त्यातलं भूत दचकवायला फारसं धावत नाही, कोपऱ्यात उभं राहतं. बहुतेकदा ते कुणाच्या तरी नजरेतून सुटलेलं माणूस असतं. बंद दारामागं मरून गेलेला म्हातारा, ज्याचा शेजाऱ्याला पत्ता नाही. खोलीबाहेर न येणारा मुलगा. नोकरी आणि लेकरू यांत पिचलेली आई. मला ते बघताना भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटतं.

या सिनेमातली बाई टोकियोत एकटी राहते. जपानी रीतीप्रमाणं घरात शिरताना ती रोज “मी आले” म्हणते. घर रिकामं. आणि एक दिवस आतून ओ येते. इथं मी पहिल्यांदा बघताना उशी तोंडावर घेतली होती. वैशालीनं माझा दंड धरला. आई मात्र पुढं सरकली. मी तिला मराठीत सांगत होतेच. “आन् त्याच्या आदी किती दिस कुणीच ओ देत न्हवतं तिला?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, वर्षानुवर्षं.

आई मग पडद्याकडं बघायची सोडून वैशालीकडं बघत बसली.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली आणि कुत्री भुंकायला लागली. आम्ही दोघी किंचाळलो, लाज कसली सांगायला! बाहेर विठूअण्णा, शेजारचा शेतकरी, हातात काठी. मागं चार बायका-पुरुष, धापा टाकत. “अक्का, ओ का दिली न्हाईस? तीनदा कुकारा मारला.”

वैशालीनं कपाळाला हात लावला. वाडीची रीतच आहे: दिवेलागणीला वरचं घर तोंडाशी ओंजळ धरून कू करतं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. ज्या घरातून कुकारा येत नाही, तिकडं सगळे पळत जातात. पावसाळ्यात आई घसरली, तेव्हाही हेच धावले होते. आज आई भुताच्या नादात ओ द्यायचीच विसरली. अण्णांनी तिला यथेच्छ झापलं आणि मग सगळे चहा घेत उरलेला सिनेमा बघत बसले, बॅटरी संपेपर्यंत. शेवट मला तोंडी सांगावा लागला.

सगळे गेल्यावर आईनं लेकीला जवळ बसवलं. “तुज्याकडं सांजचं कोण हाक देतंय गं?”

“मळणी झाली की येते मी,” आई म्हणाली. “चार म्हैने ऱ्हाईन. म्हस अण्णा बगंल.”

रविवारी आम्ही दोघीच परत निघालो. न्यायला गेलो होतो आईला, आणि निघाली होती लेकीची काळजी. माझं डोकं त्यातच होतं, त्यामुळं जोयड्यात टपरीवर छत्री विसरले.

मळणी झाली, आई आली. पहिल्याच दिवशी मी तिकडं जेवायला होते. दिवे लागले तशी आई बाल्कनीत गेली, ओंजळ तोंडाशी धरली आणि सणसणीत कुकारा मारला. समोरच्या इमारतीत चार पडदे हलले. कुणीच ओ दिली नाही. आईनं पुन्हा मारला, मग तिसऱ्यांदा. वैशाली शरमेनं लाल.

दोन मिनिटांत बेल वाजली. दारात वॉचमन, घामाघूम, लिफ्टची वाट न बघता जिना चढून आलेला. काय झालं, कोण पडलं, असं तो विचारत होता.

आईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वैशालीकडं वळून म्हणाली, “बघ. आला की गं कुणीतरी.”