मघा की मगा

मेडिकलला बरोबर शिकणाऱ्या गंगाधरची तक्रार मीच केली होती, हे आजवर सांगायचं टाळलं.

काल माझ्या दवाखान्यात, स्पिरिटच्या वासात, एक कानडी म्हातारी मुलाला "मगा, मगा" म्हणत होती आणि नांदेडचा सर्जरी वॉर्ड आठवला. परीक्षेत केस म्हणून येणारा म्हातारा उदगीरच्या गंगाधरच्या कानात तेच पुटपुटत होता. मी 'मघा' ऐकलं. वाटलं, सर मघा बोलले ते निदान गंगाधर त्याच्याकडून काढून घेतोय.

"काय विचारून राहिलास?" मी म्हणालो.

"काई न्हाई रे. पाय कापणार म्हणून घाबरलाय."

मी सरांकडे गेलो. गंगाधरला परीक्षेला बसू दिलं नाही.

कानडीत मगा म्हणजे बाळा, हे लातूरला दवाखाना टाकल्यावर कळलं. पुढे गंगाधर उदगीर स्टेशनवर भेटला.

"चहा घेतोस का, डॉक्टर?"

माफी मागायची होती. "साखर कमी," एवढंच म्हणालो.