चार तासांची टेस्ट

“सर, चार तास झाले. पाणी तुटलं नाही. बंद करू का?” टेंभरेंनी विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पलीकडच्या एका गावात आम्ही बोअरवेलजवळ उभे होतो. टेंभरे त्या कामावरचे इंजिनिअर. जनरेटर त्यांना दुपारी दुसऱ्या गावी न्यायचा होता. खरं तर अशा बोअरवर पंप निदान तीन दिवस सलग चालवून पाहायला हवा. हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, “करा बंद.”

मी तेलकंपनीत रिझर्व्हॉयर इंजिनिअर होतो. रिटायर होऊन गोंदियाजवळ मुर्रीला घर बांधलं. नोकरीतली बरीच वर्षं टाइट ऑइलमध्ये गेली. टाइट म्हणजे इतका घट्ट खडक, की आत तेल असतं पण त्याला बाहेर यायला वाट नसते. मग विहिरीत प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला भेगा पाडतात. हे फ्रॅक्चरिंग. भेगांतलं तेल लगेच येतं. खडकातलं तेल झिरपत भेगेपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीला विहीर जोरात वाहते आणि ऑफिसात सगळे खूश असतात. पुढे ती किती टिकेल, हे कॉम्प्युटरवर मांडून सांगणं म्हणजे मॉडेलिंग. तेच माझं काम.

या बोअरमध्येही तशाच भेगा पाडल्या होत्या. फक्त तेलाच्या जागी पाणी, आणि दाब पुष्कळ कमी. आटत आलेली बोअर धो धो वाहू लागली होती.

त्या गावात माझी मोठी बहीण राहायची, रमाताई. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. भाऊजी वारल्यावर ती एकटीच होती. मुर्रीला ये म्हटलं तर गाव सोडवत नाही म्हणायची. सरपंचांना तिनेच सांगितलं होतं, “माहा भाऊ याच कामाचा साहेब होता. त्याले इचारा.”

विचारायचं होतं ते जुन्या विहिरीमुळे. तिचा कठडा ढासळला होता, दोन शेळ्या पडून मेल्या होत्या. बोअर टिकणार असेल तर ती विहीर बुजवायची, असं गावात चाललं होतं.

मुर्रीला येऊन मी टेस्टचे आकडे मॉडेलमध्ये टाकले. उत्तरं दोन आली. एकात भेग लांब जाऊन मुरमाच्या ओल्या थराला मिळत होती. म्हणजे उन्हाळाभर पाणी. दुसऱ्यात भेग थोड्याच अंतरावर संपत होती. म्हणजे तिच्यात साठलेलं उपसलं की बोअर कोरडी. चार तासांच्या आकड्यांशी दोन्ही सारखीच जुळत होती. पंप जास्त वेळ चालवल्याशिवाय खरं कोणतं ते कळणार नव्हतं.

टेंभरेंना फोन केला.

“सर, जनरेटर अब अगले महिने. गाववाले तर आत्ताच मागे लागलेत. तुमचा अनुभव काय म्हणतो?”

अनुभव काही म्हणत नव्हता. मग ताईचा फोन आला.

“थे आकडे ठेव बाजूले. पाणी पुरीन का नाही, थेच सांग. बायका रोज इचारून राहिल्या मले.”

तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी म्हणालो, “पुरेल, ताई.”

ग्रामपंचायतीला पत्र दिलं. पहिल्या पानावर लिहिलं, पाणी पुरेल. दुसरी शक्यता दुसऱ्या पानावर, शेवटच्या ओळींत टाकली. नोकरीत असंच करायचो आम्ही. साहेबांना वाईट बातमी मागच्या पानावर बरी वाटायची.

पहिलं पान वाचून गावाने दिवाळीनंतर विहीर बुजवली.

मे महिन्यात पंप हवा ओढू लागला. दुसरं उत्तर खरं निघालं. बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. ताई सत्तरीची. शेजारच्या लीलाबाईने तिला घरपोच पाणी दिलं असतं. पण ताई कुणाकडे मागायला गेली नाही. आपल्याच भावाने सांगितलं होतं ना, याची तिला लाज वाटत होती. हे मला लीलाबाईने नंतर सांगितलं. नाल्याच्या उतारावर ताई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

गोंदियाच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो.

“तुही मशीन चुकली का रे?” तिने विचारलं.

“मशीन नाही, ताई. मी चुकलो.”

“मंग लोकायले सांगून दे. थे बोअरवाल्यायले शिव्या देऊन राहिले.”

“तू बरी हो. मग दोघं जाऊन सांगू.”

ती बरी झाली नाही. छातीत कफ झाला, नवव्या दिवशी गेली.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे ताईच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सगळं गाव आलं होतं. बुद्धवंदना झाली. ताईबद्दल चार शब्द बोला, असं सरपंच म्हणाले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बोअर करणाऱ्यांची चूक नाही. मला दोन उत्तरं आली होती. मी तुम्हाला एकच सांगितलं, दुसरं मागच्या पानावर दडवलं.”

मग लीलाबाईने विचारलं, “काऊन जी? दुसरं काऊन नाही सांगितलं?”

“ताईला बरं वाटावं म्हणून.”

“तिले तं सांगाचं होतं,” लीलाबाई म्हणाली. “थे आयकली असती. तुमचं सारंच आयके थे.”

मी खाली बसलो.

पावसाळ्याआधी गावाने विहीर पुन्हा उकरली. मीही रोज मुर्रीहून जात होतो. माझ्याने टोपली फार उचलवत नसे, पण कुणी घरी जा म्हणालं नाही. मलबा काढल्यावर तळाला पाणी लागलं. कठडा आता नवा आहे.

दोन उत्तरं आली तर दोन्ही पहिल्याच पानावर, सारख्याच अक्षरात लिहायची असतात. मला हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.