मधूभाऊचा जाम खांदा

मधूभाऊ गेल्याची बातमी मला एका पेशंटकडून कळली, तिचा गुडघा माझ्या हातात असताना. "मॅडम, तुमचे मधूभाऊ गेले ना काल, नागपूरले. छातीत वरच्या अंगाले गाठ होती म्हणे, कॅन्सरची, खांद्यापासी..." नाटकाच्या दौऱ्यातच कोसळले, तिथूनच नागपूरला नेलं, असं ती पुढेही बरंच काही सांगत होती. मी तिचा गुडघा वाकवत आणि सरळ करत राहिले, किती वेळा ते मोजायचं राहून गेलं. तोच खांदा मी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दोन महिने हाताळला होता. तो जाम झाला आहे, बाकी काही नाही, असं त्याच्या अख्ख्या घराला मी ठासून सांगितलं होतं.

आमचं वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली की इथल्या मंडळ्या गावोगाव निघतात, त्या होळीपर्यंत फिरत असतात. मधूभाऊ त्यातला नावाजलेला नट. तरुणपणी नायक झाला, केस पिकल्यावर नायिकेचा बाप. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून समोरच्या घरातल्या या माणसाला मी सहावीत असताना राखी बांधली, ती यंदापर्यंत. फिजिओथेरपी शिकून मी इथे दवाखाना टाकला तेव्हा पहिला पेशंटही त्यानेच आणला. मंडळीतला पेटीवाला होता, खांदा आखडलेला. महिनाभर भाऊ त्याला रोज घेऊन यायचा आणि स्टुलावर बसून सगळं बघायचा. केस विंचरताना पेटीवाला खांदा कसा कानाला लावतो, शर्टाची कुठली बाही आधी घालतो, हे तो इतकं हुबेहूब करून दाखवायचा की पेटीवाल्यालाही हसू आवरायचं नाही. मीसुद्धा पोट धरून हसायचे. आता त्या हसण्याचा मला राग येतो.

यंदा पोळा झाल्यावर तो स्वतःसाठी आला. "पोरी, डावा हात वर नाई जाऊन राह्यला. पेटीवाल्यासारखं झालं बघ मले." खांदा तपासायची आमची रीत तशी सोपी. आधी पेशंटने हात स्वतः उचलायचा, मग सैल सोडायचा आणि आम्ही उचलायचा. आखडलेला सांधा दोन्ही वेळा एकाच जागी अडतो, चिवट चामड्यासारखा. दुखण्याचं मूळ दुसरीकडे असेल, मानेत, छातीत, तर बहुतेक वेळा सांधा बरा फिरतो, पण दुखणं काही केल्या हलत नाही. ते झोपू देत नाही, कधी करंगळीपर्यंत उतरतं. मी सगळं विचारलं. "रात्री दुखते का, भाऊ?" "नाई." "करंगळीत मुंग्या?" "काऊन येतीन?" मग मी त्याचा हात उचलला. तो अडला, पण चामड्यासारखा नाही... आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. माझ्या बोटांना ते कळलं होतं, हे आज लिहून टाकते. मी म्हटलं, "भाऊ, सोड ना हात." तो म्हणाला, "सोडलाच आहे तं." आणि मी बोटांचं सोडून भावाचं ऐकलं. अनोळखी पेशंट असता तर छातीचा एक्स-रे काढायला तरी पाठवलं असतं.

तेरवीच्या दिवशी शालूवहिनीने, त्याच्या बायकोने, मला आतल्या खोलीत नेलं. त्याच्या मेकअपच्या डब्यात, पावडर आणि मिशांच्या खाली, नागपूरच्या एका दवाखान्याची फाईल निघाली होती. स्कॅन, गाठीचा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट, आणि 'ताबडतोब भरती व्हा' असं डॉक्टरने लिहिलेलं. तारीख पोळ्याच्या आधीची. म्हणजे माझ्या टेबलावर झोपला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. आजारी नटाला कुठली मंडळी घेत नाही, आणि एक सीझन घरी बसलं की त्याच्या जागी दुसरा पक्का होतो, ही त्याची धास्ती मला माहीत होती. सीझन लागेपर्यंत घरच्यांना सांगायला त्याला काहीतरी हवं होतं, ते मी पुरवलं. "मी रोज म्हणो, नागपूरले दाखवून या," वहिनी म्हणाली. "तं ते म्हणत, वर्षा सांगून राह्यली ना, जाम झाला म्हणून. तुह्या भरोशावर मी गप्प बसली ना, बाई..." ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंडळीने शोकसभा घेतली. रंगभूमीसाठी जगला आणि रंगभूमीसाठीच गेला, असं सगळे बोलले. मी मधूनच उठून आले. आपलं आयुष्य कसं घालवायचं हा त्याचा प्रश्न होता, कबूल. पण मला खरं सांगितलं असतं तर मी त्याला हाताला धरून नागपूरच्या गाडीत बसवलं असतं, हे तो ओळखून होता, म्हणूनच त्याने मला फसवलं. वाचलाच असता असं मी म्हणत नाही, तो रिपोर्ट वाचून कुणीच म्हणणार नाही. पण वहिनीला ते दोन महिने खरे मिळाले असते. तिला रडता आलं असतं, भांडता आलं असतं, त्याच्या उशाशी बसता आलं असतं. ते त्याने तिच्यापासून काढून घेतलं, आणि त्यासाठी माझा हात वापरला. राखी बांधलेल्या बहिणीचा... याची मला अजून चीड येते, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नाही.

दवाखान्याच्या खणात त्याचं कार्ड आहे. फाडायला म्हणून दोनदा बाहेर काढलं आणि परत ठेवलं. दर वेळी आम्ही पेशंटला विचारतो, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? त्याचे आकडे सातपासून सावकाश उतरत गेलेत. मधे एकदा थोडा वर चढलाय, कारण खऱ्या दुखण्यात तसं होतं हे त्याने पाहून ठेवलं होतं. शेवटचं त्याचं येणं दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं. हात थेट डोक्यावर नेऊन दाखवला, घाम आला होता कपाळावर, पण चेहरा हसरा. "शून्य लिही, पोरी. तू मले बरं केलं." मी शून्य लिहिलं. मग खुशीच्या भरात त्याच्या त्याच खांद्यावर एक सणसणीत थाप मारली. तो हसतच राहिला.