झुंबरसाठी केलेलं पाठांतर

गेणबा तात्या आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आले ते जाब विचारायला आल्यासारखे. "मॅडम, बुद्धाची पोथी हाय का?"

गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. कोऱ्हाळे बुद्रुकच्या सप्ताहात पारायणाचं व्यासपीठ सांभाळणारा माणूस बुद्ध मागतोय म्हटल्यावर, बारामतीत वीस वर्षं पुस्तकं देत आलेल्या मीही चष्म्यावरून बघितलंच.

कारण त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर तीस वर्षं त्यांच्या जोडीला झुंबर होता. तो बौद्ध. पाळी एक, डबा एक. महिन्यापूर्वी झुंबर गेला. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती, अगदी शेंबडी पोरंसुद्धा, एका सुरात वंदना म्हणत होती आणि तात्या ऐकत बसले होते.

"आख्खी पोथी तोंडपाठ असलेला मी, आन् मैतराच्या दारात मुका बसलो. वरसानं त्याचं पुण्यस्मरण हाय. तवर मला त्याच्या बुद्धाचं कायतरी म्हणता आलं पायजे."

मी पाली सुत्तांच्या मराठी अनुवादाचा एक जाडजूड खंड काढून दिला. नवख्या माणसाला असा खंड द्यायचा नसतो. पण मला मेलीला वाटलं, पारायणवाले आहेत, वाचतील. त्यांनी वाचलाही. पानं मोजली, सातानं भागली, रोज पहाटे आंघोळ करून पाटावर बसले आणि सातव्या दिवशी समाप्ती केली. सून रेश्माला पुरण घालायला लावून पुस्तकाला नैवेद्यही दाखवला!

आठव्या दिवशी खंड माझ्या टेबलावर परत. "पारायण झालं. डोस्क्यात मातुर काय न्हाय राह्यलं. आन् एकच गोष्ट पाच-पाचदा का सांगत्यात ओ?"

हसू आलं, मग माझीच मला लाज वाटली. त्यांना समोर बसवलं. म्हटलं, "तात्या, ही वचनं कितीतरी पिढ्या कागदावर नव्हतीच. भिक्खूंनी एकत्र म्हणून म्हणून जपली. पुन्हा पुन्हा येतं ते कानासाठी. ते गाळू नका, मोठ्यानं वाचा. आणि आधी बघा, बुद्ध बोलतायत कुणाशी. भिक्खूला एक सांगतात, राजाला दुसरं. तुम्ही संसारी, तर संसारी माणसाला सांगितलेलं एक सुत्त घ्या. एकच."

"वरीसभर एकच? मग पुण्य कधी लागायचं?"

"पुण्याचं मला विचारू नका. समजेल एवढं नक्की."

तोंड वाकडं करून का होईना, नेलं. त्यात एक तरुण वडिलांच्या शब्दाखातर रोज सकाळी ओलेत्यानं सहा दिशांना हात जोडतो. बुद्ध त्याला सांगतात, आईवडील ही पूर्व, गुरू दक्षिण, बायकोपोरं पश्चिम, मित्र उत्तर. पायाखालची दिशा कामकरी माणसं आणि डोक्यावरची साधुसंत. प्रत्येक दिशेशी आपण कसं वागायचं आणि ती आपल्याशी कशी वागते, हे ओळीनं येतं.

दर बुधवारी तात्या येऊन म्हणून दाखवायचे. आता त्या पुनरुक्तीवर त्यांचा राग नव्हता. "पाच-पाच हायत न्हवं, बोटावर बसत्यात," म्हणायचे. मित्र आपल्याला गाफीलपणी सांभाळतो, अडचणीत सोडून जात नाही, हे धडाधड यायचं. वर झुंबरचा एखादा किस्सा. पण आपण मित्रासाठी काय करायचं, तिथं चौथ्या बोटावर हमखास अडखळायचे. मित्राला बरोबरीनं वागवावं, एवढंच तर ते. मला वाटलं, वय झालं.

पुण्यस्मरणाला मला ओढूनच नेलं. अंगणात झुंबरच्या फोटोसमोर वंदना झाली आणि तात्या हात जोडून उभे राहिले. सहाही दिशा म्हटल्या. चौथ्या बोटावरसुद्धा अडखळले नाहीत. माझा ऊर भरून आला.

झुंबरची बायको साखरबाई फोटोशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तात्या, लई चांगलं म्हणलं. मैतरानं करायचं ते सगळं आमच्या मालकांनी तुमच्यासाठी केलं. तुमी त्यास्नी बरोबरीनं कवा वागवलं?"

आवाजात राग नव्हता. 

"काट्यावर तुमी आमची भाकर खाल्ली, तितं बघणारं कुणी नव्हतं. सप्त्याच्या पंगतीला मालक मांडवाच्या भाईर थांबायचं. दर जयंतीला तुमाला बलवायचं. तुमी कवाच आला न्हाय."

मला राग आला, तो स्वतःचाच. वर्षभर मी या माणसाचं पाठांतर तपासत बसले होते.

तात्यांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. "न्हाय वागवलं, वहिनी. तितंच तर आडायचो."

साखरबाईंनी आणखी एक ताट वाढायला सांगितलं. मग म्हणाल्या, "बसा पंगतीत."

तीस वर्षांत पहिल्यांदा गेणबा तात्या त्या घरात जेवायला बसले. घास हातात धरून, सगळ्या वस्तीसमोर, रडायला लागले. साखरबाईंनी त्यांना रडू दिलं.