खिरापत ओळखणारी

भुलाबाईच्या दिवसांत आमच्या औंढ्याच्या गल्लीत रोज संध्याकाळी एकेका घरी मुली जमायच्या. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढं गाणी झाली, की घरची बाई झाकलेला डबा आणून हलवायची आणि आत काय खाऊ आहे ते आम्ही ओळखायचं. हीच खिरापत. लाडू, चिवडा, शेंगा असं सगळं म्हणून झालं आणि मुलींनी हात टेकले, की बाई हसत झाकण काढायची.

मला मात्र डबा बाहेर यायच्या आधीच वास लागायचा. पलीकडच्या काकूंनी डबा धरला तशी मी म्हणाले, "खव्याच्या करंज्या." काकूंचं तोंड उतरलं. पुढच्या घरी राजगिऱ्याचे लाडू, त्याच्या पुढच्या घरी उकडलेल्या शेंगा. विचारलंय तर सांगावं, इतकंच मला कळत होतं. मुली चिडल्या आणि मला हाक यायची बंद झाली.

उरलेले दिवस मी ओट्यावर बसून शेजारची गाणी ऐकली. खरं तर टाळ्यांनी माझे कान दुखायचे, गर्दीत जीव घाबरा व्हायचा. तरी कुणीतरी यावं, हाताला धरून न्यावं, असं फार वाटायचं. कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी आईनं तोडगा काढला. "कळलं तरी आधी खोटंखोटं सांगावं, बाई. जिनं केलंय तिला जरा मिरवू द्यावं."

मी शिकले. करंज्यांचा वास आला की "फुटाणे" म्हणायचं आणि सगळ्यांसोबत हळहळायचं. हाक परत आली. मला आनंद झाला, कशाला नाही म्हणू? पण ज्या मुलीला त्या बोलवत होत्या, ती मी नव्हतेच.

दोन हजार सालानंतर, नोकरीला लागल्यावर, नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला ऑटिझम आहे असं सांगितलं. मराठीत स्वमग्नता, म्हणाल्या. हा शब्द ज्यानं काढला त्यानं मला त्या ओट्यावर पाहिलं नसणार. मी कसली स्वतःत मग्न, माझा सगळा जीव शेजारच्या अंगणात होता! ऑटिझम मात्र मी माझा म्हणून घेतला. माझं नाक, माझे कान, माझं तोंडावर खरं बोलणं, सगळं त्यातलंच, आणि मला त्याची लाज वाटेनाशी झाली.

त्या वर्षी सुटीत घरी गेले ते भुलाबाईचेच दिवस होते. गल्लीतल्या मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या. आईला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ती आत गेली आणि झाकलेला डबा घेऊन आली.

"वळख."

"चिवडा," मी म्हणाले. "शंकरपाळे. फुटाणे."

"आता पुरे. मीच शिकवलं व्हतं ते. खरं सांग."

"धपाटे. तीळ जास्त पडलेत."

"बराबर," आई म्हणाली आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

तेवढं "बराबर" एकदा त्या सगळ्या मुलींच्या तोंडून ऐकायचं होतं. अजून ऐकायचं आहे.