जहाजाची वेळ

नई सडकेवरच्या घड्याळवाल्याने ह्यांच्या घड्याळात नवा सेल घालून माझ्यासमोर वेळ लावली. "भाभीजी, अब सेकंड का भी फर्क नहीं." कंपू मोहल्ल्यातल्या घरी पोचले, तर ते माझ्या घड्याळाच्या तासभर पुढे!

क्रूझवर हे बजावायचे, "बंदरात उतरलीस तरी घड्याळ जहाजाच्याच वेळेवर ठेव." एका बंदरात मी मात्र गावातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ पाहून माझं तासभर मागे घेतलं. निवांत परतले, तेव्हा शिडी उचलत होते. वर कठड्याशी हे उभे. हाक नाही, हातवारे नाहीत, नुसते बघत होते. खलाशांनी मला कसंबसं ओढून घेतलं.

ती नजर तेव्हा रागाची वाटली. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता वाटतं, ते वाट बघत होते.

त्यांचं घड्याळ मी मागे केलं नाही. माझ्या मनगटावर अजून तासभर बाकी आहे.